एक वाजला की सारे वाजले पाहिजेत : घरातील धूर व कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची निवड



रात्रीची कौटुंबिक प्रार्थना आटोपते, जपमाळ पुन्हा वेदीपाशी ठेवली जाते आणि दिवे मालवून घर झोपी जाते. त्यानंतरचे सहा-सात तास घरात कोणीही पहाऱ्यावर नसते. आग लागलीच तर धुराच्या वासाने जाग येईल, असे आपण गृहीत धरतो. परंतु झोपेत माणसाचे घ्राणेंद्रिय मंदावते आणि धुरातील विषारी वायू झोपलेल्याला जागे करण्याऐवजी अधिकच गुंगीत लोटतात. कार्बन मोनॉक्साइड या वायूला तर रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. म्हणूनच ज्याला झोप येत नाही असा एखादा पहारेकरी घराच्या छतावर असणे, ही आज चैनीची नव्हे तर गरजेची बाब मानली जाते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण कुटुंबे शिक्षण व नोकरीनिमित्त ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. तेथे घर भाड्याने घेताना किंवा विकत घेताना ‘एकमेकांशी जोडलेले अलार्म आहेत काय?’ हा प्रश्न त्यांच्यासमोर येतोच. दुकानात गेल्यावर मात्र निरनिराळ्या किमतींच्या आणि जातींच्या उपकरणांपुढे मन गोंधळून जाते. हे अलार्म कसे चालतात, ते कसे निवडावेत आणि कोठे बसवावेत, याची माहिती प्रथम त्या देशांच्या संदर्भात आणि शेवटी आपल्या येथील घरांच्या संदर्भात देण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

दुर्घटनांमागून आलेले कायदे

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला लागलेल्या आगीत ७२ जणांचा अंत झाला. त्या घटनेनंतर स्कॉटलंडने घरगुती सुरक्षेच्या नियमांचा फेरविचार केला. १ फेब्रुवारी २०२२ पासून तेथील प्रत्येक घराला, मग ते मालकीचे असो वा भाड्याचे, एकच नियम लागू झाला. कोविडच्या साथीमुळे मूळ मुदत एक वर्ष पुढे ढकलावी लागली होती. ज्या खोलीत कुटुंब दिवसाचा अधिक वेळ घालवते तेथे धुराचा एक अलार्म, प्रत्येक मजल्यावरील वावराच्या जागेत किंवा जिन्याच्या माथ्याशी एक आणि स्वयंपाकघरात उष्णतेचा एक, असे हे अलार्म छताला लावून एकमेकांशी जोडलेले असावेत, असा तो नियम आहे. बॉयलर, शेकोटी, हीटर यांसारखे इंधन जाळणारे उपकरण किंवा धुराडे ज्या खोलीत असेल, तेथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बंधनकारक आहे. तीन शयनगृहांच्या साधारण घरासाठी हा सारा खर्च सुमारे २२० पौंड येईल, असा अंदाज स्कॉटलंडच्या शासनाने त्या वेळी दिला होता.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याचा अनुभवही असाच आहे. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिस्बेनजवळील स्लॅक्स क्रीक येथे एका घराला रात्री आग लागली आणि एकत्र राहणाऱ्या कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या ११ जणांना मृत्यूने गाठले. तेथील नवा कायदा १ जानेवारी २०१७ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. राज्यातील सर्व घरांसाठी १ जानेवारी २०२७ ही अंतिम तारीख त्यात ठरवण्यात आली. क्वीन्सलंडचा नियम स्कॉटलंडहून एक पाऊल पुढे जातो. तेथे प्रत्येक शयनगृहातही अलार्म हवा आणि तो इतरांशी जोडलेला हवा.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात कायद्याला निमित्त ठरला तो कार्बन मोनॉक्साइड. डिसेंबर २००८ मध्ये वुडस्टॉक या गावी गॅसवर चालणाऱ्या शेकोटीचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबला आणि आई, वडील व दोन मुले असे चौघांचे कुटुंब संपले. २०१३ साली संमत झालेल्या प्रांतीय कायद्याला त्याच कुटुंबाचे नाव देण्यात आले. फ्रेंच साहित्यिक एमिल झोला यांचा १९०२ साली पॅरिसमध्ये झालेला मृत्यूही शयनगृहातील शेकोटीचे धुराडे तुंबल्याने साठलेल्या याच वायूमुळे ओढवला होता. वायू तोच आहे. तो ओळखणारे साधन मात्र आज सामान्य माणसाच्या आवाक्यात आले आहे.

जोडणीचे महत्त्व

पूर्वीपासून अनेक घरांत धुराचा एखादा सुटा अलार्म असे. आग त्याच्याजवळ लागली तर तो वाजे, परंतु त्याचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचेलच असे नाही. युरोपीय मानकानुसार घरगुती अलार्मचा आवाज तीन मीटर अंतरावर किमान ८५ डेसिबल असावा लागतो. हा आवाज कर्कश असतो, तरीही एक जिना आणि दोन बंद दरवाजे पार करून जाताना तो बराच क्षीण होतो.

येथे एक पेच निर्माण होतो. रात्री शयनगृहाचा दरवाजा लावून झोपावे, असा सल्ला अग्निशमन दले देतात, कारण बंद दरवाजा धूर आणि आग काही काळ थोपवून धरतो. पण तोच दरवाजा अलार्मचा आवाजही अडवतो. या पेचातून सुटका करते ती जोडणी. तळमजल्यावरील दिवाणखान्यात धूर झाला की वरच्या मजल्यावरील अलार्मही त्याच क्षणी वाजू लागतो. दरवाजा धूर अडवतो आणि इशारा मात्र आधीच वर पोहोचलेला असतो.

याला आणखी एक बाजू आहे. लहान मुले गाढ झोपेत असताना अलार्मच्या आवाजानेही पुष्कळदा जागी होत नाहीत. अलार्म मुलाच्या उशाशी वाजला तरी त्याला उचलून बाहेर नेणारे आईवडीलच असतात आणि म्हणून त्यांच्या खोलीतही तो वाजणे अत्यावश्यक आहे. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा ज्या घरात आहेत, तेथेही हेच लागू पडते. ज्याच्या खोलीत आग आहे त्याला आणि जो मदतीला धावणार आहे त्याला, अशा दोघांनाही एकाच वेळी जाग आली पाहिजे.

जोडणी दोन प्रकारे होते. पहिला प्रकार तारेचा. सारे अलार्म घराच्या वीजजोडणीवर चालतात, एका तारेने परस्परांशी जोडलेले असतात आणि वीज गेल्यास आतील बॅटरीवर काम करतात. नवीन बांधकाम किंवा मोठी दुरुस्ती चालू असताना हा प्रकार उत्तम, मात्र त्यासाठी परवानाधारक वायरमन हवा. दुसरा प्रकार रेडिओलहरींचा. यातील अनेक अलार्ममध्ये दहा वर्षे टिकणारी सीलबंद लिथियम बॅटरी असते आणि भिंती न फोडता ते बसवता येतात. तयार घरात राहणाऱ्यांना हाच प्रकार सोयीचा ठरतो. भाडेकरूने मात्र आधी घरमालकाशी बोलावे, कारण अलार्म पुरवण्याची जबाबदारी अनेक ठिकाणी कायद्याने मालकावरच असते.

एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. एका कंपनीचा अलार्म दुसऱ्या कंपनीच्या अलार्मशी सहसा जोडला जात नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांचेही कधीकधी जमत नाही. म्हणून आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानातून दुसरा असे न करता, सर्व अलार्म एकाच मालिकेचे घ्यावेत. मोबाइलवर संदेश पाठवणारे अलार्मही बाजारात आहेत. कुटुंब बाहेरगावी असताना त्यांचा उपयोग होतो, परंतु इंटरनेट बंद असतानाही घरातील सर्व अलार्म एकत्र वाजतील काय, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. मोबाइलवरील संदेश झोपलेल्याला उठवीलच, असे नाही.

धूर ओळखण्याच्या दोन पद्धती

धुराचे अलार्म मुख्यतः दोन तत्त्वांवर चालतात. फोटोइलेक्ट्रिक अलार्ममध्ये एका लहानशा काळोख्या कप्प्यात प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धुराचे कण आत शिरले की तो किरण विखुरतो, संवेदकावर पडतो आणि अलार्म वाजतो. आयनायझेशन अलार्ममध्ये अमेरिशियम-२४१ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्यामुळे कप्प्यातील हवेतून सूक्ष्म वीजप्रवाह वाहत राहतो, धूर आला की हा प्रवाह खंडित होतो आणि इशारा मिळतो.

कागद किंवा लाकूड भडकून पेटले तर आयनायझेशन अलार्म किंचित लवकर वाजतो. परंतु रात्रीच्या अनेक आगी भडकण्याआधी दीर्घकाळ धुमसतात. गादीवर पडलेली सिगारेट, सोफ्यात शिरलेली ठिणगी किंवा तापलेली वायर यांतून आधी दाट धूर निघतो. हा धूर फोटोइलेक्ट्रिक अलार्म लवकर ओळखतो. स्वयंपाकाच्या वाफेने आणि करपलेल्या पावाने तो विनाकारण वाजण्याचे प्रमाणही कमी असते. क्वीन्सलंडने फक्त फोटोइलेक्ट्रिक प्रकारालाच मान्यता दिली आहे. घरासाठी एकच प्रकार निवडायचा झाल्यास हाच निवडावा.

विनाकारण वाजणे हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सारे जाणतो. फोडणी दिली की अलार्म ओरडतो, म्हणून वैतागून कोणीतरी बॅटरी काढून ठेवते आणि ती परत घालायची राहून जाते. म्हणूनच स्वयंपाकघरासाठी धुराचा नव्हे तर उष्णतेचा अलार्म असतो. तो धूर किंवा वाफ यांकडे लक्ष देत नाही. छताजवळचे तापमान सुमारे ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो वाजतो. तो इतर अलार्मशी जोडलेला असल्याने तव्यावरील तेल पेटले तरी शयनगृहापर्यंत इशारा जातो. मात्र उष्णतेचा अलार्म धुराच्या अलार्मपेक्षा उशिरा जागा होतो, म्हणून शयनगृहात किंवा वावराच्या जागेत त्याला धुराच्या अलार्मचा पर्याय समजू नये.

न दिसणारा वायू

कोणतेही इंधन, मग तो गॅस असो, कोळसा, लाकूड, रॉकेल वा पेट्रोल, पुरेशा प्राणवायूअभावी अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. श्वासावाटे तो रक्तात शिरतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. परिणामी माणूस श्वास घेत असतानाही त्याच्या मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळेनासा होतो.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा आणि गोंधळलेली मनःस्थिती ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. फ्ल्यू झाल्यासारखे वाटते, पण ताप नसतो. घरातील सर्वांना एकाच वेळी असा त्रास होऊ लागला आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागले, तर या वायूचा संशय घ्यावा. झोपलेल्या माणसाला ही लक्षणे जाणवण्याची संधीही मिळत नाही.

धुराचा अलार्म हा वायू ओळखू शकत नाही. त्यासाठी स्वतंत्र संवेदक लागतो. या वायूचा अपाय त्याच्या प्रमाणावर आणि त्यात घालवलेल्या वेळावर अवलंबून असतो, म्हणून अलार्मही त्याच हिशेबाने वाजतो. युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग असल्यास ६० ते ९० मिनिटांत, १०० भाग असल्यास १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भाग झाल्यास तीन मिनिटांच्या आत अलार्म वाजला पाहिजे. कमी प्रमाणात तो लगेच वाजला नाही तर तो बिघडला आहे, असे समजू नये. त्याचबरोबर तो शांत आहे म्हणून बॉयलरची आणि धुराड्याची वार्षिक तपासणी टाळू नये.

वायू आढळल्यास रंग बदलणाऱ्या स्वस्त पट्ट्याही विकल्या जातात. त्या कोणाला जागे करू शकत नाहीत, म्हणून त्यांवर विसंबू नये.

स्कॉटलंडच्या नियमात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म इतरांशी जोडण्याची सक्ती नाही. तरीही बॉयलर तळघरात आणि शयनगृहे वरच्या मजल्यावर असतील तर जोडणी अवश्य करावी. अशा वेळी धूर आणि वायू यांचे इशारे वेगळे ओळखता आले पाहिजेत. उत्तर अमेरिकेत धुरासाठी तीन आवाज व मग विराम आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी चार आवाज व मग विराम, असा संकेत आहे. दर मिनिटाच्या आसपास होणारी एकच बारीक ‘टिक’ बॅटरी संपत आल्याचे किंवा उपकरणाचे आयुष्य सरत आल्याचे सांगते.

कोठे बसवावेत

धूर वर चढतो, म्हणून धुराचे आणि उष्णतेचे अलार्म छताच्या मध्याजवळ, भिंत आणि दिव्यापासून किमान ३० सेंटिमीटर दूर लावावेत. भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात हवा कोंडून राहते व तेथे धूर उशिरा पोहोचतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत जेथे थेट येतो, ती जागा टाळावी. स्नानगृहाच्या दारासमोर वाफेमुळे अलार्म उगाच वाजतो. घरातील वेदीवर मेणबत्त्या किंवा ऊद जळत असेल, तर अलार्म नेमका तिच्या डोक्यावर नसावा, पण त्याच खोलीत अवश्य असावा.

कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचितच हलका असतो आणि घरातील हवेत सर्वत्र मिसळून जातो. त्याचा अलार्म इंधन जाळणाऱ्या उपकरणापासून आडव्या रेषेत एक ते तीन मीटर अंतरावर बसवावा. भिंतीवर लावायचा असल्यास तो छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली आणि दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर असावा. शयनगृहात लावताना तो झोपणाऱ्याच्या श्वासाच्या उंचीवर असला तरी चालतो. पडद्यामागे किंवा कपाटात तो कधीही ठेवू नये. या सर्वांहून वरचढ म्हणजे उपकरणासोबत आलेल्या पुस्तिकेतील सूचना.

विकत घेताना पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे मानकाचा शिक्का. ब्रिटन आणि युरोपात धुराच्या अलार्मवर ‘ईएन १४६०४’, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर ‘ईएन ५०२९१-१’ आणि ब्रिटनमध्ये उष्णतेच्या अलार्मवर ‘बीएस ५४४६-२’ असा उल्लेख हवा. ऑस्ट्रेलियात धुरासाठी ‘एएस ३७८६’ हे मानक आहे. अमेरिकेत धुरासाठी ‘यूएल २१७’ व कार्बन मोनॉक्साइडसाठी ‘यूएल २०३४’, तर कॅनडात कार्बन मोनॉक्साइडसाठी ‘सीएसए ६.१९’ हे क्रमांक पाहावेत. शिक्का नसलेले उपकरण कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. धुराचा अलार्म साधारणतः दहा वर्षांनी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच्या घडणीनुसार पाच ते दहा वर्षांनी बदलावा लागतो. बॅटरी नवी असली तरी आतील संवेदक थकतो. उपकरणाच्या मागे छापलेली तारीख पाहूनच ते घ्यावे आणि बसवल्याचे वर्ष त्यावर ठळक लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट म्हणजे घरातील माणसे. कोणाला ऐकू कमी येत असेल तर झगमगणारा दिवा आणि उशीखाली ठेवावयाची थरथरणारी चकती जोडता येईल असाच संच घ्यावा. ज्येष्ठांना शिडीवर चढता येत नाही, म्हणून सीलबंद बॅटरीचा आणि रिमोटने तपासता येणारा अलार्म त्यांच्यासाठी सोयीचा.

बसवून झाल्यावर एका अलार्मचे तपासणीचे बटण दाबावे आणि घरातील प्रत्येक खोलीत, दारे लावून, आवाज पोहोचतो की नाही हे पाहावे. एक वाजला की सारे वाजले पाहिजेत. ही तपासणी महिन्यातून एकदा करावी. महिन्याचा पहिला शुक्रवार पाळणाऱ्या कुटुंबांनी तोच दिवस त्यासाठीही नेमून घेतला तर विसर पडणार नाही.

अलार्म वाजल्यानंतर

अलार्म आपल्याला जागे करतो, बाहेर मात्र आपल्यालाच पडावे लागते. धुराचा अलार्म वाजल्यास सामान गोळा करीत बसू नये. धूर असेल तर खाली वाकून किंवा रांगत, मागील दारे लावून घेत बाहेर पडावे. घराबाहेरील एक ठिकाण आधीच ठरवून ठेवावे आणि तेथे सर्वांची मोजणी करावी. कोणत्याही कारणासाठी पुन्हा आत जाऊ नये. लहान मुलांचा आणि वृद्धांचा हात कोणी धरायचा, हेही आधीच ठरलेले असावे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजल्यास शक्य असेल तर उपकरण बंद करावे, वाटेतील दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी मोकळ्या हवेत यावे. कोणाला त्रास होत असेल तर ‘कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण उपचार प्राणवायूचा असतो आणि तो लवकर मिळावा लागतो. आपत्कालीन क्रमांक ब्रिटनमध्ये ९९९, कॅनडात ९११ आणि ऑस्ट्रेलियात ००० असा आहे. ब्रिटनमध्ये गॅससंबंधी आपत्तीसाठी ०८०० १११ ९९९ हा क्रमांक आहे.

आपल्या येथील घरांसाठी

वरील नियम परदेशांतील असले, तरी धूर आणि वायू यांना देशाच्या सीमा ठाऊक नसतात. आपल्याकडे हिवाळी बॉयलर नाहीत, परंतु स्नानगृहातील गॅस गीझर आहे आणि त्यातून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे महाराष्ट्रात मृत्यू ओढवल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. लहानसे स्नानगृह, बंद खिडकी आणि सतत पेटता बर्नर असे एकत्र आले की प्राणवायू झपाट्याने घटतो आणि ज्वलन अर्धवट होऊ लागते. गीझर स्नानगृहाबाहेर मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाणी नळाने आत आणणे, हा यावरील खरा उपाय. त्याची नियमित सफाई करून घ्यावी. अलार्म हा दुसरा पहारा आहे, पहिला नव्हे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे किंवा वीज गेल्यावर जनरेटर खिडकीखाली चालू ठेवणे, हेही तितकेच घातक.

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘गॅसचा अलार्म’ म्हणून आपल्या बाजारात जे उपकरण मिळते, ते पुष्कळदा सिलिंडरची गळती ओळखणारे असते. ते कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत लावतात. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, म्हणून त्याचा अलार्म छताजवळ लागतो. गळती कळावी म्हणून या दोन्ही वायूंत मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडबाबत अशी कोणतीही खूण नसते. तेव्हा खोक्यावर नेमक्या कोणत्या वायूचे नाव आहे, हे वाचूनच उपकरण घ्यावे.

परदेशातून येणारी मुले आईवडिलांसाठी हौसेने अलार्म आणतात. कॅनडा-अमेरिकेतील तारेवर चालणारे अलार्म १२० व्होल्टचे असतात, आपली वीज २३० व्होल्टची. ते येथे जोडू नयेत. बॅटरीवर चालणारे आणावेत आणि जोडणी हवी असल्यास पूर्ण संच एकाच देशातून, एकाच कंपनीचा घ्यावा.

आपल्या कौलारू घरांत छत उतरते असते. आढ्याच्या अगदी टोकाशी हवा कोंडते, म्हणून अलार्म त्याच्या थोडा खाली लावावा. नाताळात गोठ्यातील पेंढा, विजेच्या माळा आणि मेणबत्त्या एकाच कोपऱ्यात येतात. तो कोपरा असलेल्या खोलीत आणि शयनगृहात असे जोडलेले दोन अलार्म असले, तरी आरंभ चांगला झाला. संपूर्ण संच एकदम परवडत नसेल, तर पुढे वाढवता येईल अशा मालिकेचे दोन घेऊन सुरुवात करावी. आगीसाठी १०१, कोणत्याही आपत्तीसाठी ११२ आणि सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हे क्रमांक दारामागे लिहून ठेवावेत.

जागे राहण्याची जबाबदारी

प्रभू येशूने दहा कुमारींच्या दाखल्यातून सज्जतेची शिकवण दिली. वर येण्यास उशीर झाला तेव्हा झोप दहाही जणींना लागली होती. शहाण्या कुमारींचे शहाणपण जागरणात नव्हते, तर झोपण्यापूर्वी तेल बरोबर घेण्यात होते. माणूस झोपणारच. झोपण्यापूर्वी त्याने काय तयारी केली, हाच प्रश्न असतो.

जीवन आणि आरोग्य ही परमेश्वराने आपल्याकडे सोपवलेली देणगी आहे आणि इतरांच्या गरजा ध्यानी घेऊन आपण त्यांची यथायोग्य काळजी घेतली पाहिजे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ पाचव्या आज्ञेच्या विवरणात (परिच्छेद २२८८) शिकवतो. ‘इतरांच्या गरजा’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. घरात एकाला कळलेला धोका सर्वांना त्याच क्षणी कळावा, हाच तर जोडलेल्या अलार्मचा अर्थ. घरातील सर्वांत गाढ झोपणारे मूल आणि सर्वांत सावकाश चालणारे वृद्ध यांना डोळ्यांसमोर ठेवून ही निवड करावी.

येत्या रविवारी मिस्साहून परतल्यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराचा एकदा फेरफटका मारावा. इंधन कोठे जळते, रात्री कोण कोठे झोपते आणि कोणती दारे बंद असतात, हे कागदावर मांडावे. परदेशातील मुलांना फोन करून, त्यांच्या घरातील अलार्मचे बटण शेवटचे केव्हा दाबले होते, हेही अवश्य विचारावे.